हातभर अंतर

"हनुवटी वर कर बाळ, आणि माझ्या या डोळ्याकडे बघ," असं म्हणत नंबरवाल्यांनी मुलीच्या नाकावर मोजपट्टी धरली आणि ते पुढे वाकले.

मुलीने बघितलंच नाही. खुर्चीत जेवढं मागे सरकता येईल तेवढी सरकली, मान वळवली आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, काकांच्या तोंडाला वास येतो."

आईने तिच्या दंडाला चिमटा काढला. "काहीतरीच बोलते हो ही. घरीसुद्धा अशीच."

"असू द्या, असू द्या," नंबरवाले म्हणाले आणि हसले, पण तोंड मिटून. मग श्वास रोखून, मागे सरकून त्यांनी पुन्हा पट्टी धरली आणि डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर कार्डावर लिहिलं : बावन्न मिलिमीटर.

चष्म्याच्या त्या दुकानात त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. खरं नाव पगारपत्रकावर असेल. चष्म्याचा नंबर काढतात म्हणून बाकी सगळ्यांचे ते नंबरवालेच. "आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?" हा प्रश्न त्यांनी इतक्यांना विचारला होता की एकदा बायकोने आमटी वाढल्यावर तिलाही विचारला. माणूस गोड, कामात चोख. फक्त स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला कधी कळत नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

विचारायचं तरी कोणाला? मालकांना विचारणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. राहिली बायको.

"जवळ ये. आणि खरं सांग," ते घरी गेल्या गेल्या म्हणाले आणि तिच्या तोंडासमोर हाऽ केलं.

"मला विचारताय? अहो, त्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. दूध करपलं तर धूर दिसल्यावर कळतं मला."

हे ते विसरले होते. नऊ वर्षं झाली होती. म्हणजे ज्या एका माणसाने त्यांना वेळेवर टोकलं असतं, त्याच्यापर्यंत वास पोहोचतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खणात निळी बाटली आली. माउथवॉश. झाकणभर तोंडात घ्यायचं, खुळखुळायचं, थुंकायचं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत जळजळायचं, आणि जळजळतंय म्हणजे काम करतंय, असं ते मानायचे. आधी सकाळी एकदा, मग दर गिऱ्हाइकाआधी. दिवसाला आठ-नऊ वेळा. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून त्यांनी ब्रशच सोडून दिला. एवढं जंतू मारणारं औषध असताना हिरड्या कशाला दुखवायच्या?

पण भीती काही जाईना. समोरच्याने नाक खाजवलं तरी ते तोंड फिरवायचे. एखाद्याने खिडकी उघडायला सांगितली की तो दिवस गेलाच. पट्टी हातभर अंतरावरून धरायची असते. त्याहून मागे सरकलं की हात ताणला जातो, पट्टी हलते आणि आकडा फसवतो, मग काचेचा मध्य डोळ्यासमोर बसत नाही. नव्या मुलांना हे शिकवणारा माणूस आता स्वतःच मागे सरकून, श्वास रोखून, घाईघाईने आकडे लिहू लागला.

व्हायचं तेच झालं. एक शिंपी चष्मा घेऊन परत आला.

"साहेब, हा घातला की जमीन वर येते. सुईत दोरा ओवायला गेलो तर दोन सुया दिसतात. कुठल्या सुईत ओवू?"

आठवड्याने आणखी एक चष्मा आला, मग तिसरा. मालकांनी नंबरवाल्यांना काउंटरमागे बोलावलं. मालक वयाने लहान. त्यांच्या वडिलांनी नंबरवाल्यांना कामावर ठेवलेलं.

"मला बोलायला जड जातंय," मालक म्हणाले. "पण आता आणखी एक जरी चष्मा चुकीचा निघाला, तर तुम्ही आत मशीनवर बसा. काचा घासा. इथे मी बघतो."

आतली खोली म्हणजे एक यंत्र, एक बेसिन आणि दिवसभर घर्रघर्र. तिथे माणूस येत नाही, काचा येतात. सव्वीस वर्षं माणसांच्या डोळ्यांत बघितलेल्या माणसाला ती शिक्षाच होती.

शेवटी बायकोनेच त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाई तरुण होत्या, बोलायला फटकळ.

"माउथवॉश किती वेळा?"

"आठ-नऊ."

"आणि ब्रश?"

नंबरवाले जमिनीकडे बघू लागले. "रक्त येतं, म्हणून…"

"रक्त येतं कारण हिरड्या सुजल्यात, आणि सुजल्यात कारण खाली घाण साचलीये. फरशी न पुसता अत्तर शिंपडताय तुम्ही काका. बाटली वाईट नाही, पण तिचा नंबर शेवटचा. आधी मऊ ब्रशने दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. फटी साफ करायच्या. मग हवी तर चूळ. आणि ही जळजळणारी बंदच करा. तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडाला आणखी वास येतो."

"म्हणजे… येतो?"

"येतो ना," बाई सरळ म्हणाल्या. "सफाई करू, जाईल. फक्त हा खालचा समोरचा दात हलतोय. तो नाही राहायचा."

दात जाणार होता, तरी नंबरवाल्यांना हायसं वाटलं. कोणीतरी खरं सांगितलं होतं.

मग सकाळ-संध्याकाळ बायको घड्याळ घेऊन बेसिनपाशी उभी राहू लागली. नाक गेलं होतं, पण डोळे शाबूत होते. बेसिनमध्ये वाकून ती फेसाचा रंग सांगायची. "आज गुलाबीच आहे. घासा, घासा, थांबू नका." महिन्याभराने एका सकाळी ती म्हणाली, "पांढरं!" आणि परीक्षेत पास झाल्यासारखी हसली. दात तेवढा गेला.

नंबरवाले पुन्हा हातभर अंतरावर वाकू लागले. चष्मे परत येईनासे झाले. आणि एका दुपारी तीच मुलगी आईबरोबर दारात उभी राहिली.

"सारखं डोकं दुखतं म्हणते," आई म्हणाली. "शाळेतल्या बाई म्हणतात, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. मी दोनदा ओरडले हिला. म्हटलं, नंबर वाढलाय का बघावं."

नंबरवाले हातभर अंतरावर वाकले. मुलगी मागे सरकली नाही. त्यांच्या तोंडात निरखून बघत तिने विचारलं, "काका, तुमचा दात पडला?"

"हो."

"माझापण. हे बघा, नवीन येतोय. तुमचा कधी येणार?"

"अगं!" आईने चिमट्यासाठी हात उचलला.

"माझा नाही यायचा आता," नंबरवाले म्हणाले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तोंड उघडून हसले. "इकडे बघ, या डोळ्याकडे."

पंचावन्न. त्यांनी पुन्हा मोजलं. पंचावन्नच. नंबर तपासला, तो होता तेवढाच होता. कार्डावर त्यांच्याच अक्षरात बावन्न होतं. मुलगी वाढत्या वयाची आहे, अंतर वाढलं, एवढं म्हटलं असतं तरी आईला पटलं असतं. मालकांनाही पटलं असतं. पण सहा महिन्यांत तीन मिलिमीटर वाढत नाही, हे नंबरवाल्यांना ठाऊक होतं. आणि नाटकं करते म्हणून पोरीने दोनदा बोलणी खाल्ली होती.

मालक काउंटरवर होते. नंबरवाल्यांनी आवाज उगाच खाली केला नाही.

"नंबर वाढलेला नाही. चष्माच चुकीचा होता. मागच्या वेळी माझ्याकडून चुकलं. हिचं डोकं खरंच दुखत होतं, ताई. हिला ओरडू नका."

मालकांनी पेन खाली ठेवलं. आणखी एक चष्मा चुकीचा निघाला होता. हातातली पट्टी नंबरवाल्यांनी रुमालाने पुसली आणि काउंटरवर मालकांसमोर ठेवली.

सोमवारी ते आतल्या खोलीत बसले. मुलीच्या काचा त्यांनी स्वतः घासल्या, तीनदा तपासल्या. पडद्यापलीकडून मालकांचा आवाज येत होता. "आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?" मालक फार घाई करत होते, गिऱ्हाइकाला जरा थांबू द्यायला हवं होतं.

आता कोणाच्या जवळ जायचं नव्हतं. तरी डबा खाऊन झाल्यावर नंबरवाले बेसिनपाशी गेले, घड्याळ समोर ठेवून दोन मिनिटं दात घासले, आणि पांढरं आहे ना, ते वाकून बघितलं.