यादीतली बेरेन्नो

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. मॅसिडोनियाच्या डोंगरातून मला थडग्यासाठी काढलं आणि माझ्यावर दोन नावं कोरली: बेरेन्नो, आणि तिच्या वडिलांचं. पोर नऊ वर्षांची होती. तिची आई मला टेकून रडली. मला काही वाटलं नाही. दगडाला काय वाटणार?

शतकं गेली. एका गवंड्याने मला उपडा घालून उंबरा केला. साठ वर्षं सुल्तानाआजी माझ्यावरून ये-जा करत होती, माझ्यावर बसून शेंगा सोलत होती. मग उंबरा खचला, मला उलटवलं आणि अक्षरं दिसली. शाळेच्या बाईंनी ती वाचून दाखवली.

मृतांच्या शनिवारी गावात उकडलेले गहू घेऊन चर्चमध्ये जातात. पाद्री घरोघरच्या याद्यांतली गेलेल्या माणसांची नावं वाचतात. आजीने नवऱ्याच्या नावाखाली बेरेन्नो लिहिलं. पाद्रीबाबा यादी घेऊन दारात आले.

"सुल्ताना, ही ख्रिस्ताच्याही आधीची. हिचा बाप्तिस्मा कुठे झालाय?"

"साठ वर्षं तुडवली तिला, तेव्हा नाही विचारलं. आता नाव घ्यायला विचारू होय?"

"बरं बाई, वाचतो. पण हळू."

"हळू कशाला? लांब ऐकू जायचंय."

पुढे दोन प्राध्यापक आले.

"ही भाषा ग्रीकच! नावच सांगतंय."

"नावावरून भाषा कळते होय? दक्षिणेतले ग्रीक जिथे 'फ' म्हणतात, तिथे इथे 'ब' आहे. यांची भाषाच निराळी होती."

"उच्चार निराळा म्हणून भाषा निराळी? मग माझी सासूही परदेशी!"

"पोर केवढी होती हो?" आजीने विचारलं. कुणी मान वर केली नाही. मला गाडीत घातलं.

आता मी संग्रहालयात आहे. पाटीवर लिहिलंय: 'लेख चौदा. भाषा वादग्रस्त.' प्राध्यापकांचे केस पिकले. वाद तोच आहे आणि मला ते नुसतं 'चौदा' म्हणतात. आजी दर वर्षी त्या शनिवारी बसने यायची आणि मोठ्याने नाव घ्यायची. रखवालदार तिला गप्प करायचा. मग ती यायची थांबली. "ती गहूवाली म्हातारी गेली," असं रखवालदार कुणाला तरी म्हणाला. मला काही वाटलं नाही. निदान मी तसं म्हणतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, वादही खुशाल घाला. पण ती वस्तू कुणाची होती, हे आधी विचारा. आई कोणत्या भाषेत रडली ते मी ऐकलंय, पण मला सांगता येत नाही. नाव मात्र तुम्हाला घेता येईल. बेरेन्नो. आणि तिच्याखाली सुल्ताना. जरा मोठ्याने घ्या. लांब ऐकू जायचंय.