दोरीवरचं दुपटं

दुपट्याच्या कोपऱ्यातला तो तांबूस ठिपका, सेफ्टीपिनेच्या गंजाचा, आज पुन्हा दिसला आणि चिमटा लावता लावता शितलचा हात थांबला. कितीदा साबण घासला, उन्हात टाकलं, तरी तो जात नाही... दुपटं पिवळं, आईने जुन्या लुगड्याचं शिवलेलं, धुऊन धुऊन तान्ह्या शिवूच्या गालाइतकं मऊ झालेलं. आणि वाळत घालायचं कुठे, तर स्वतःच्या दारात नाही, शेजारच्या कुलूपबंद घराच्या ओट्यावर, जावेच्या दोरीवर.

अक्काने फोनवर बजावूनच सांगितलं होतं. अक्का म्हणजे थोरली जाऊ, प्रियंका. मुलाच्या, रुद्रच्या, डॉक्टरकीच्या क्लाससाठी नवराबायको नांदेडला खोली करून राहिलेले, आणि जवळा बाजार गावातलं हे नवं, फरशी घातलेलं घर बंद, किल्ली शितलकडे. मागच्या आठवड्यात बाळापूरकडे बंद घरं फुटल्याचं कळलं, तसा तिचा फोन आला.

"सडा टाकीत जाय रोज. रांगोळी काढ. ह्यांच्या जुन्या चपला दारात ठिव अन् रोज जराशा हलवीत जाय. अन् ऐक, शिवूचे कपडे आमच्या दोरीवर वाळू घाल. लेकराच्या घरात चोर शिरत न्हाईत म्हणतेत. लेकरू कवा उठून रडंल, नेम नसतो."

"बरं अक्का," शितल म्हणाली होती. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिला ते 'बरं' तोंडात कडू लागत राहिलं — कोण म्हणालं ते? मीच?

कारण हेच दुपटं. हेच.

बारशाला पाळणा अक्काच्याच हॉलमध्ये बांधला होता, शितलच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत बायका मावणार नाहीत म्हणून. नाव ठेवून झालं, शिवकन्या, आणि घुगऱ्या वाटता वाटता अक्काचा हात कानाला गेला. एक झुबा नव्हता. सोन्याचा. बायका सतरंजी उचलून पाहू लागल्या. "म्या कुणावर आळ घेत न्हाई बाई, पण पाळण्यापाशी शितलच तर होती," — अगदी गोड आवाजात — "दुपट्यात गेला आसंल, बघून तर घ्यावं," आणि अक्काने स्वतः पिन काढली. बारा दिवसांचं लेकरू... पंख्याच्या वाऱ्यात उघडं, दोन्ही मुठी वर, रडून रडून निळं पडलेलं. आणि अक्का दुपटं झटकते आहे, उलटं करून पुन्हा झटकते आहे, जेवणावळ उठल्यावर पत्रावळीखालचं कापड झटकावं तशी. मागे कुणीतरी फिसकन हसलं. शितलला पान्हा फुटला होता, पदर भिजला होता, आणि तिला उठता आलं नव्हतं.

झुबा सापडला नाही. पुढे वैशाखात एका लग्नात तो अक्काच्या कानात होता. दोन्ही कानांत दोन्ही. कुठे सापडला, कधी — कुणी विचारलं नाही, अक्काने सांगितलं नाही. शितल समोर आली तेव्हा तिने कानावरचा पदर तेवढा सारखा केला.

"काय गं," सुभद्रामाय शेळीला शेवरीचा पाला घेऊन चालल्या होत्या, समोरच्याच घरातल्या, त्या थबकल्या. "दोन-दोन दारं सावरून राहिलीस. जावंनं पगार लावला का?"

"व्हय माय. महिन्याला एक टोमणा."

"रोख देती का उधार?" म्हातारी खळखळून हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "म्या आसते तर कुलूपच काढून ठिवलं आसतं. बारशाला व्हते ना म्या बी. समदं बघितलं."

बघितलं होतं... मग तेव्हा तोंड का नाही उघडलं, माय? शितलने झबल्यावरचा चिमटा उगाच घट्ट केला. म्हातारी गेली तरी तिचं ते कुलपाचं वाक्य ओट्यावर मागे उरलं, शेळीच्या पाल्यासारखं सांडलेलं. कुलूप काढायचीही गरज नव्हती. कुणाचं वाईट करायला वेगळं काही करावं लागत नाही, फक्त रोजचं करायचं थांबवायचं. एक दिवस सडा नको, रांगोळी नको, दोरी रिकामी. येणाऱ्याला दार आपोआप वाचता येतं. मग ते येतील, कपाट फोडतील, गादी उसवतील, त्या हॉलमधल्या काचेच्या कपबश्या पायाखाली चुरतील. आणि चांदीचं ताट-तांब्या कुठे, तर तांदळाच्या कोठीत, तळाशी, हे त्यांना नाही सापडलं तर... मी दाखवीन, मी बोट करीन. घराच्या पोटातलं सगळं बाहेर काढून ओट्यावर झटकून बघा म्हणावं, नीट, उलटं करून!

तिने दुपटं ओढून काढलं. मग झबली, टोपरी, लंगोट, सगळं ओलंच खांद्यावर घेतलं. चपला पायाने ओट्याखाली ढकलल्या. सकाळची रांगोळी मात्र तिच्याच हातची होती, छोटीशी, वेलाची. तिच्यावर पाय ठेवताना तो अधांतरी राहिला, आणि तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली.

तोंडाला रुमाल बांधलेला माणूस. गाडी चालूच. "ताई, हे घर कुणाचं? रिकामंच दिसून राहिलं. किरायानं देतेत का?"

खरंच खोली शोधणारा असेल. नसेलही. त्याची नजर कुलपावरून खिडकीवर, खिडकीवरून मागच्या गल्लीकडे गेली, आणि शितलच्या मनात शब्द तयार होते — न्हाई, कोणीच राहत न्हाई — अगदी ओठाशी.

"हळू बोला," ती म्हणाली. "लेकरू निजलंय आत. कुणीबी कडी वाजवून त्याला उठवतंय म्हणून कुलूप घातलंय, मागल्या दारानं येजा हाय आमची. अन् गाडी बंद करा आधी."

त्याने तिच्या खांद्यावरचं ओलं दुपटं पाहिलं. "बरं बरं," म्हणाला, आणि गेला.

ती ओट्यावर टेकली. अक्कासाठी नाही! अक्काच्या एका चमच्यासाठीही नाही... मग कशासाठी? चोरी झाली असती तर अक्का रडत आली असती, त्याच बायका जमल्या असत्या, पाण्याचा तांब्या पुढे केला असता, बिचारी म्हणाल्या असत्या. बिचारी! आणि किल्ली कुणाकडे होती, हेही कुणीतरी गोड आवाजात विचारलंच असतं. नाही. इतक्या स्वस्तात नाही. ह्या घरातली सुईसुद्धा मी हलू देणार नाही. तुम्ही या अक्का, चार बायकांना बोलवा, कोठी उपसा, कपाट उघडा, एकेक वस्तू हातात घेऊन बघा, सगळं जिथल्या तिथे आहे ना? मी पाळण्यापाशीच उभी राहीन. काही बोलणार नाही. नुसती तुमच्या कानांकडे बघीन.

आत लेकरू निजलंय, असं आपण म्हणालो... ते तिला आता खोटं ठेववेना. घरातून तिने झोपलेली शिवू उचलून आणली, कुलूप काढलं. हॉलमध्ये बंद हवेचा वास होता. छताला पाळण्याचा आकडा अजून तसाच. त्याच्या बरोबर खाली अक्काचा दिवाण, झालरीच्या चादरीचा. त्यावर तिने शिवूला अलगद निजवलं आणि लंगोटाची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. पंखा लावला नाही. शिवू झोपेतच पाय झाडून हसली, मुठी वर गेल्या, उघड्या झाल्या.

"कोणी न्हाई गं इथं," शितल तिच्या पोटावर ओठ टेकून पुटपुटली. "निज. आपलंच राज हाय."

आणि मग झालरीच्या चादरीवर ओल उमटली, शिवूखालून निघून हळूहळू पसरत चाललेली, गादीत मुरत जाणारी. दुपटं अजून खांद्यावरच होतं. तिचा हात त्याच्याकडे गेला... थांबला. ओल पसरत राहिली, आणि शितल ती पाहत बसली, बाहेरच्या रस्त्याकडे एक कान ठेवून.