घोरपडकड्याचा देव

सोनाजी देव झाला आणि त्या दिवसापासून त्याच्या आईला रडायची चोरी झाली.

चतुराबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. वारा सुटला, सुपातलं भूस उडालं आणि भुशाचं निमित्त करून तिनं पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात थोरला लेक उत्तमराव गोठ्यातून खेकसला.

"माय, पुन्ना सुरू केलंस काय?"

"भूस गेलंय डोळ्यात."

"रोज सकाळी तुझ्याच डोळ्यात काहून जातंय? देवाची माय रडली की देव कोपतो. आज पुनव हाय, लोकं येऊन राहिले."

देव म्हणजे चतुराबाईचाच धाकटा. गोष्ट जर्मनच्या लढाईच्या सालातली, निजामाच्या राज्यातली. औंढ्याच्या डोंगराच्या कुशीत करंजवाडी नावाचं शंभर उंबऱ्यांचं गाव, आणि त्या गावात सोनाजीइतका बिनकामाचा गडी दिवसा मशाल लावून शोधला तरी दुसरा सापडला नसता. राखणीला बसवला तर पाखरं त्याच्या मुंडाशावर बसून कणसं खायची. स्वतःच्या रानातली काकडी त्याला कडू लागायची, दुसऱ्याच्या बांधावरची साखर. पण हसवायचा असा, की त्याला शिव्या द्यायला गेलेला माणूस उलट चिमूटभर तंबाखू देऊन परत यायचा.

कार्तिकात ज्वारी काढणीला आली. चतुराबाई, सोनाजी आणि त्याची बायको शकुबाई अशी तिघं रानात. सासू-सुनेनं दोन पाती काढल्या तरी सोनाजीची पात होती तिथंच. तो विळा खांद्यावर टाकून घोरपडकड्याकडं बघत उभा. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ लटकलं होतं. भाकरीवर मध कसा लागेल, हे तो आईला रंगवून सांगायला लागला. चतुराबाईचं डोकं फिरलं.

"जा, तिकडंच मर," ती म्हणाली.

तो हसला, विळा शकुबाईच्या हातात दिला आणि गेला. दुपारच्या वक्ताला मोहोळ उठलं. हातातला पलिता सुटला, पायाखालचा धोंडा निसटला आणि सोनाजी कड्यावरून खाली आला. चौघांनी घोंगडीत घालून त्याला घरी आणला.

आता, आपल्याकडची आई लेकराला दिवसातून दहादा मारते आणि दहादा जेवू घालते. 'मर मेल्या' हे शब्द चतुराबाईनं सोनाजीला पाळण्यात असल्यापासून ऐकवले होते. पण शेवटचे शब्द तेच निघाले आणि काट्यासारखे तिच्या गळ्यात अडकले. ते मागं घ्यायचे तर लेकाला हाक मारून, ऊर बडवून रडायला पाहिजे होतं. आणि तेरा दिवस तिच्या डोळ्याला पाण्याचा टिपूस आला नाही. बायका येऊन गळ्यात पडल्या, रडून गेल्या, ही आपली भिंतीकडं बघत बसलेली. चौदाव्या दिवशी सकाळी कुठं डोळे भरून यायला लागले, तर नेमकी त्याच दिवशी पाटलाची म्हैस सापडली.

माणिकराव पाटलाची दुभती म्हैस आठ दिवस हरवली होती. ती कड्याच्या पायथ्याला, सोनाजी पडला त्याच जागी, रवंथ करत उभी दिसली. तिथं गवत होतं, पाण्याचा झिरा होता. म्हशीनं आणखी जायचं कुठं? पण पाटलाला शहाणं करायची गावात कुणाची छाती? सोनाजीनं म्हैस राखली, असं पाटील म्हणाला. एका धोंड्याला शेंदूर फासला गेला, नारळ फुटला. दोन दिवसांनी कुणाचा तरी ताप उतरला. मग बाळापूरहून बैलगाड्या यायला लागल्या. उत्तमरावानं बांधावरच्या एका बाभळीपायी भावाशी दोन वर्षं अबोला धरला होता. तोच आता गळ्यात माळ घालून भावाच्या धोंड्याशेजारी अंगारा देत बसला. बायका शकुबाईचे पाय धुवायला लागल्या.

"आत्याबाई, जिते व्हते तवा ह्यांच्या नावावर कुनी उसनं मीठ देत न्हवतं," ती सासूच्या कानात म्हणाली.

त्या पुनवेला चतुराबाईला धोंड्याजवळ घोंगडीवर बसवलं. तोंड हसरं ठेव, असं उत्तमरावानं तीनदा बजावलं. माणसं मावत नव्हती. पाटील उभा राहून देवाचे गुण सांगायला लागला. सोनाजी कष्टाळू होता म्हणाला, तिनं ऐकून घेतलं. कुणाच्या काडीला हात लावला नाही म्हणाला, तेही गिळलं.

"अन् मायचा शबूद तर त्यानं जल्मात मोडला न्हाई," पाटील म्हणाला.

चतुराबाई उठली. पदर कमरेला खोचून धोंड्यासमोर उभी राहिली.

"मुडद्या, तीस वर्सं माझं एक आयकलं न्हाईस. पानी आन म्हनलं, आनलं न्हाईस. इळा चालव म्हनलं, चालवला न्हाईस. अन् मर म्हनलं ते तेवढं बराबर आयकलंस? तेच काहून आयकलंस रे?"

उत्तमराव तिचा हात धरायला धावला. तिनं त्याला झिडकारलं आणि धोंड्यावर दोन्ही हातांनी बडवायला लागली. हात कोपरापर्यंत शेंदरानं माखले.

"माझा शबूद मी माघारी घेते. आता उठ."

ती थांबली. खरोखरच वाट बघत थांबली. मग ती मटकन खाली बसली आणि महिनाभराचं साठलेलं रडू एकदम फुटलं. शकुबाई येऊन तिला बिलगली आणि तीही नवऱ्याला शिव्या मोजायला लागली. पाच वर्षं तो दिवाळीला लुगडं आणतो म्हणाला होता, आणि लुगड्याऐवजी चोरीच्या काकड्या आणल्या होत्या. काकडीचं नाव निघालं तसे काकडीचे धनी गर्दीतच उभे होते, तेही डोळे पुसायला लागले. उत्तमराव माळ हातात घेऊन उकिडवा बसला, आणि बाभूळ तूच ने, असं धोंड्याला पुन्हापुन्हा सांगत राहिला. ऊन कलेपर्यंत सगळं घर पोटभर रडलं.

देव काही कोपला नाही. उलट लोकांना त्या दिवशी फार हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं की लोक ते देवाच्याच खात्यावर टाकतात. ह्या देवाला गोड बोललेलं चालत नाही, असं गावानं ठरवून टाकलं. पुढच्या कार्तिकापर्यंत रीतच पडली. उत्तमराव आल्यागेल्याला स्वतः सांगायचा, आधी दोन शिव्या द्या, मग नारळ.

त्या कार्तिकात डोंगरकडा नावाच्या गावाहून रुख्मिणीबाई नावाची एक बाई नवस फेडायला आली. तिनं मनापासून तयारी केली होती. धोंड्यासमोर उभी राहून तिनं सोनाजीला ऐतखाऊ म्हटलं, आळशी म्हटलं, काकडीचोर म्हटलं. चतुराबाई लिंबाच्या सावलीत बसली होती. तीन शिव्या होईपर्यंत ती तिथून उठून बाईपाशी पोचली आणि तिनं मनगट धरलं.

"चोर कुनाला म्हनती?"

"देवाला, मावशी. रीतच हाय म्हने हितली."

"रीत गेली चुलीत. माझं लेकरू हाय त्ये. लाखात एक व्हतं. शिव्या द्यायच्या त्या मी दिईन. तू कोन?"

बाई घाबरून उत्तमरावाकडं बघायला लागली. उत्तमरावानं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं बाईच्या हातातला नारळ घेऊन फोडला. चतुराबाईचं अजून संपलं नव्हतं. आपला सोनाजी किती गुणाचा, किती कामाचा, हे ती बाईला तपशिलानं ऐकवत राहिली. बाई माफी मागून गाडीत बसली तेव्हा शकुबाईनं सासूला हळूच विचारलं.

"आत्याबाई, कामाचे व्हते ह्ये?"

"न्हवता गं," चतुराबाई म्हणाली. "पर मेल्यावर तरी म्हनू दे की."