सर्वांत खालची बैठक

मित्रांनो, मी एक जुने, तीन पायांचे बुटके स्टूल आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जोडे शिवणाऱ्या लायझर विग्डरने मला स्वतःच्या हातांनी घडवले. जोडा मांडीत धरून टाके घालायचे, तर बैठक खालीच लागते. माझ्याशेजारी जमिनीवर बसून त्याचा मुलगा आन्सेल इंग्रजी वाचायला शिकला. बापलेक बोटीतून उतरले तेव्हा मुलाला त्या भाषेतले अक्षरही येत नव्हते.

"जीभ जड आहे रे तुझी," लायझर म्हणायचा. "असू दे. लोक हसत असतील तेवढ्यात तू पुढे सटक."

आन्सेल पुढे गेलाच. परराष्ट्र खात्यात लागला, राजदूत झाला, मोठा मुत्सद्दी म्हणून गाजला. दुकान बंद पडले. मी तळघरात जाऊन पडले.

लायझर वारला, तेव्हा आन्सेल न्यूयॉर्कमध्येच एक डोंगराळ आणि एक किनाऱ्यावरचा अशा दोन भांडखोर देशांत मध्यस्थी करत होता. हिवाळा तोंडावर आला होता. दोन्हीकडचे जखमी कैदी उघड्या छावण्यांत पडले होते. त्यांची अदलाबदल लांबली असती, तर त्यांतले कित्येक वाचले नसते.

आम्हा ज्यूंच्या घरांत आईबाप गेले की सात दिवस घरी, बुटक्या बैठकीवर बसतात. आमचे धर्मगुरू, रब्बी, आन्सेलला म्हणाले, "माणसं वाचवायची असतील तर जा. पण सुतक मोडू नकोस."

त्याच्या मुलीने, टिल्डाने, मला वर आणून पुसले. "गाडीत ठेवू, बाबा?"

"ठेव. तिथेही यावरच बसेन."

मला पाहून वाटाघाटींच्या दालनात खळबळ उडाली. आधीच्या साऱ्या बैठका कोणाची खुर्ची उंच, याच वादात गेल्या होत्या. शेवटी सगळ्या खुर्च्या सारख्या ठेवायचे ठरले होते. व्यवस्था पाहणाऱ्या ब्रॅडिशने हळूच माझ्यावर दोन जाडजूड शब्दकोश रचले.

"शब्दकोश वाचायला असतात, ब्रॅडिश," आन्सेल म्हणाला आणि ते उचलून खाली बसला. मेजाच्या वर त्याचे जेमतेम खांदे दिसत होते.

डोंगराळ देशाचा सेनापती गुरकावला, "हा काय नवा डाव, विग्डर?"

"डाव नाही. माझे वडील गेले. आमच्यात असं खाली बसतात."

"मग घरी बसा की."

"तुमची जखमी पोरं त्यांच्या घरी पोचू देत. मग मीही जातो."

सेनापतीने मेजाखाली वाकून पाहिले. "आणि पायात हे कापडी काय?"

"सुतकात चामडं चालत नाही. वडील मोची होते. हा नियम त्यांना कधीच पटला नाही."

सेनापती हसता हसता थांबला. "माझे वडील घोड्यांना नाल ठोकायचे," तो म्हणाला. मग किनाऱ्याकडच्या मंत्र्याकडे वळला. "बाकीचं राहू द्या. आधी जखमींचं बोलू."

बोलणे सोपे गेले नाही. दोनदा सेनापती उठून निघाला. आन्सेल मात्र माझ्यावरून हलला नाही. सह्या झाल्यावर ब्रॅडिशने त्याला हात दिला. पण तो मेज धरून आपला आपणच उठला.

आता आन्सेलही नाही. संग्रहालयवाले मला घासून, चकाकी देऊन काचेत ठेवायचे म्हणतात.

"सात दिवस थांबा," टिल्डाने त्यांना सांगितले. "सध्या त्यावर मी बसलेय."

मित्रांनो, उंच खुर्च्यांची निगा राखायला माणसे नेमलेली असतात. माझ्यासारख्या बुटक्या वस्तू तुम्हीच सांभाळा, आणि वेळ आली तर त्यांवर बसायला लाजू नका. इथून बोलायचे तर मान वर करावी लागते, आणि ती खाली पडू द्यायची नसते.