मैदान उपसणारी माणसं

"आज तू मैदानाला हात लावायचा नाहीस, वॉल्ट. हात खिशात घाल आणि गप्प बस."

मॅनेजर स्टोक्स हे म्हणाला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. शुक्रवारी दुपारी लागलेला पाऊस अजून हटायला तयार नव्हता. थॉर्नबेक टाउनच्या मैदानाच्या कडेला दोघे भिजत उभे होते, आणि समोर दक्षिणेकडच्या गोलपुढे चांगलं तळं साचलं होतं. त्यात दोन बदकं आरामात पोहत होती. वॉल्टर ग्रीनहॉल हा त्या मैदानाचा माळी, राखणदार, वैद्य, काय म्हणाल ते. वीस-पंचवीस वर्षं त्याने ते गवत पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

"हात लावायचा नाही म्हणजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे पाणी उपसायचं नाही. दुपारी रेफरी येईल, चेंडू टाकून बघेल, चेंडू चिखलात रुतून बसेल, तो मान हलवेल आणि मॅच पुढे जाईल. बुधवारी खेळू." स्टोक्सने आवाज खाली आणला. "माझी सात पोरं तापाने फणफणलीत. गोलकीपरला धड उभं राहवत नाही. आजारी आहेत म्हणून मॅच पुढे ढकला म्हटलं तर लीगवाले ऐकत नाहीत. पण मैदानच पाण्याखाली असलं तर त्यांचा बापही काही करू शकत नाही."

मामला सरळ होता. लीगच्या तळाला थॉर्नबेक, त्याच्या एकच पायरी वर वेस्टरली, आणि आजचा सामना नेमका वेस्टरलीशी. हंगामाचा शेवट आलेला. आज हरलं की संपलं. तळाचा क्लब लीगमधून बाहेर जातो, आणि एकदा गेलेला परत यायला माणसाचा जन्म जातो. वॉल्टरचे आजोबा शाळेत होते तेव्हापासून थॉर्नबेक लीगमध्ये होतं. गावातली कापडगिरणी बंद पडली, रेल्वेचं स्टेशन गेलं, मोठ्या दुकानांनी शटर ओढली. तरी दर शनिवारी संध्याकाळी रेडिओवर निकाल वाचताना साऱ्या देशासमोर थॉर्नबेकचं नाव निघायचं. या गावाची दखल घेणारी तेवढीच एक गोष्ट उरली होती.

"बरं, बॉस," वॉल्टर म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला ते पटलंही. यात लबाडी कसली आली? पाऊस काही त्याने पाडला नव्हता.

"आणि फाटकाला कुलूप राहू दे," जाता जाता स्टोक्स म्हणाला. "ते येतील."

ते म्हणजे गाव. थॉर्नबेकची ही जुनी रीत होती. मॅचच्या सकाळी पाऊस असला की माणसं आपापल्या बागेतला माती उकरायचा काटा, खराटा, बादली घेऊन मैदानावर यायची. कोणी बोलवायचं नसतं, कोणी हजेरी घ्यायची नसते. काटा जमिनीत खुपसायचा, जरा हलवायचा, काढायचा, पाऊलभर पुढे सरकायचं. त्या भोकांतून पाणी खाली जिरतं. काम झालं की चहाच्या टपरीवर वाटीभर मटाराचं गरम सूप मिळायचं. आणि मग, ही खरी गंमत, सगळी माणसं फाटकाबाहेर जायची, रांग लावायची आणि तिकीट काढून पुन्हा आत यायची. नोकरीला नवा असताना वॉल्टर एका म्हाताऱ्याला म्हणाला होता, "आजोबा, आत आहात तर आतच थांबा की." चर्चच्या दानपेटीत हात घाल म्हटल्यासारखा तो म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. पुन्हा कोणाला असं काही सुचवायची वॉल्टरची छाती झाली नाही.

नऊच्या सुमाराला ते आले. अवजारांच्या खोलीत बसल्या बसल्या वॉल्टरला फाटकाबाहेरची कुजबुज ऐकू आली. काय सांगायचं ते त्याने मनात घोळवून ठेवलं होतं. तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन फाटकाशी गेला. सगळ्यांत पुढे मिसेस क्रॉम्प्टन उभ्या होत्या, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, हातात काटा. सत्तरी कधीच ओलांडलेली बाई. उभं आयुष्य त्यांनी गावच्या शाळेत पोरांना जेवण वाढलं होतं. अर्ध्या गावाला त्यांनी दम देऊन कोबी खायला लावला होता, त्यात वॉल्टरही होता.

"कुलूप का रे, पोरा?"

"किल्ली सापडत नव्हती."

"मग हातात काय आहे?"

वॉल्टरने हाताकडे बघितलं. "आज मैदानाचं काही खरं नाही, मिसेस क्रॉम्प्टन," तो म्हणाला. "तळं झालंय नुसतं. मेहनत वाया जाईल. तुम्ही घरी जा, भिजाल."

"भिजलेच आहे. गोलपासून सुरुवात करायची की मधून?"

त्यांच्या मागे पाऊण रस्ता माणसांनी भरला होता. रात्रपाळी संपवून तशाच आलेल्या दोन नर्स होत्या. पाद्रीबाबा कोळशाचं फावडं घेऊन आले होते. एका नवरा-बायकोने घरच्या सोफ्यातला स्पंज उपसून काखेत मारला होता. आता हे घरी बसणार कशावर, असा वेडा विचार वॉल्टरच्या मनात येऊन गेला. कोणी ओरडत नव्हतं, कोणी फाटक हलवत नव्हतं. नुसते उभे होते. वॉल्टरने कुलूप काढलं.

पण काम करणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. मॅनेजरला शब्द दिला होता. भिंतीला टेकून, हात खिशात घालून तो बघत राहिला. ही माणसं त्याने अशी कधी बघितलीच नव्हती, कारण एरवी तोही त्यांच्यात मान खाली घालून राबत असे. आज पहिल्यांदाच तो बाजूला उभा होता. मैदानाच्या या रेषेपासून त्या रेषेपर्यंत माणसांची ओळ पसरली होती आणि ती बोटाबोटाने पुढे सरकत होती. काटा आत, काटा बाहेर. चिखलाचा चपचप आवाज तेवढा येत होता. म्हातारे होते, कंबर धरून थांबत होते आणि पुन्हा वाकत होते. एक नर्स गुडघ्यांवर बसून टॉवेल तळ्यात बुडवत होती आणि बादलीत पिळत होती. टॉवेल कसला, घरातला आंघोळीचा चांगला फुलाफुलांचा टॉवेल. वरून पाऊस चालूच होता. एका टॉवेलाने कोणी आभाळ पुसतं का? पण ती पुसत होती, आणि तिच्या तोंडावर हे काही विशेष चाललंय असं जराही नव्हतं.

आणि यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, वॉल्टरच्या मनात आलं. आपल्याच हातांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतायत. सांगावं का? सांगितलं तर थांबतील. समोर नर्सने पुन्हा टॉवेल तळ्यात बुडवला. मग वॉल्टरचे खिशातले हात बाहेर आले, तो खोलीत गेला, आपला काटा उचलला आणि दक्षिणेच्या गोलपुढच्या तळ्यात उतरला.

स्टोक्स धावत आला. "वॉल्ट, काय चालवलंयस हे? काय ठरलं होतं आपलं?"

"नाही बघवलं, बॉस. तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही सांगितलंत तर थांबतील."

स्टोक्स तरातरा वळला. भल्याभल्या रेफरींना शिव्या घालणारा माणूस तो. त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि तेवढ्यात मिसेस क्रॉम्प्टननी गढूळ पाण्याने भरलेली बादली त्याच्या हातात दिली. "ही तेवढी नाल्यात ओतून ये, पोरा. माझी कंबर गेली."

स्टोक्सने बादलीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मग मुकाट्याने जाऊन ओतून आला. परतला तेव्हा त्यांनी दुसरी तयार ठेवली होती.

दुपारी रेफरी आला तोवर पाऊस नुसता भुरभुर उरला होता. रेफरीने चेंडू उंचावरून टाकला, तो उसळला. जमिनीवरून घरंगळवला, तो घरंगळत गेला. दक्षिणेच्या गोलपुढे त्याने तीन-तीनदा करून बघितलं आणि शेवटी म्हणाला, "कमाल आहे. खेळता येईल." कोणी टाळी वाजवली नाही. माणसांनी काटे खोलीच्या भिंतीशी ओळीने उभे केले, सूप प्यायले, फाटकाबाहेर गेले आणि तिकिटाच्या रांगेत उभे राहिले.

मॅच काय सांगायची. तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी थॉर्नबेकची पोरं धावत होती. गोलमध्ये सराव देणारा चाळिशीचा प्रशिक्षक उभा केला होता. वेस्टरलीने सुरुवातीलाच एक गोल चढवला. उत्तरार्धात थॉर्नबेकचा सेंटर फॉरवर्ड गोलच्या मागे जाऊन भडभडून ओकला, तोंड पुसून परत आला आणि आलेल्या पहिल्याच चेंडूला डोकं लावून त्याने बरोबरी केली. स्टँड असा हादरला की वॉल्टरला वाटलं, आता छप्पर खाली येतंय. बरोबरी टिकली असती तरी पुढच्या शनिवारपर्यंत जीव राहिला असता. आणि संपता संपता वेस्टरलीच्या एकाने डावीकडून लांब पास टाकला. चेंडू जमिनीलगत आला, सकाळी जिथे बदकं पोहत होती तिथून सुळकन निघाला आणि त्यांच्या पुढच्या माणसाच्या पायात अलगद पडला. पाणी असतं तर तिथेच रुतला असता. तो तुकडा वॉल्टरने स्वतः कोरडा केला होता. गोल झाल्यावर त्याने डोळे मिटून घेतले.

शिट्टी वाजली. थॉर्नबेक टाउन लीगबाहेर गेलं.

वॉल्टरला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल, खुर्च्या उडतील, निदान माणसं पाठ फिरवून निघून जातील. तसं काही झालं नाही. सगळे जागच्या जागी उभे राहिले. मग कुठूनतरी एक टाळी सुरू झाली, दुसरी तिच्यात मिसळली, आणि बघता बघता चारी बाजूंनी टाळ्यांचा एकच आवाज झाला. जल्लोष नव्हता तो. आजारातून उठलेल्या माणसाला आधार देऊन चालवावं तशा सावकाश, सारख्या टाळ्या. चिखलात बसलेली पोरं एकेक करून उठली. वेस्टरलीहून पहाटेच्या अंधारात बसने निघून आलेले लोकही आपलं गाणं थांबवून टाळ्या वाजवू लागले. एवढी वर्षं आपण या लोकांचं गवत राखतोय आणि हे लोक काय आहेत ते आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं वॉल्टरला वाटलं.

मैदान रिकामं झाल्यावर तो उखडलेली ढेकळं पायाने दाबत फिरत होता. मिसेस क्रॉम्प्टन खोलीशी येऊन आपला काटा शोधत होत्या. त्यांना टाळावं असं त्याच्या मनात आलं, पण पाय तिकडेच गेले.

"मिसेस क्रॉम्प्टन, तुम्हाला एक सांगायचंय." "सकाळी तुम्ही आला नसतात तर मॅच झालीच नसती. बुधवारी पूर्ण टीम असती आपली. पोरं आजारी होती. मला ठाऊक होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

"आम्हालाही ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"अरे, औषधाच्या दुकानात काल टीमच्या बायकांची रांग होती. गाव केवढं आपलं. पबमध्ये यावरून भांडणंसुद्धा झाली. निम्मे म्हणाले, उद्या कोणी मैदानावर जायचं नाही, पाणी तसंच राहू द्या."

"मग आलात कशाला?"

त्यांनी आपला काटा ओढून काढला. दात्यांत अडकलेला गवताचा पुंजका बोटांनी सोडवला आणि वॉल्टरच्या हातात दिला.

"पाऊस पडत होता ना," त्या म्हणाल्या. "तो बघ, टॉमही आलाय काटा न्यायला. पबमध्ये सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता, जाऊ नका म्हणून."

त्या हळूहळू फाटकाकडे निघाल्या. त्यांच्या मागे टॉम, त्याच्यामागे त्या नर्स, मग बाकीचे. एकेक जण भिंतीपाशी येत होता, आपलं अवजार ओळखून उचलत होता, वॉल्टरला मान लववून बाहेर पडत होता. त्या गावात रस्त्याने कोणाची अंत्ययात्रा गेली की पुरुषमाणसं थांबून टोपी काढतात. वॉल्टरने टोपी काढली. भुरभुर अजून चालू होती. भिंतीशी एकही काटा उरला नाही, तोवर तो बोडक्या डोक्याने तसाच उभा राहिला.