बटणावरची टोपी

डोकं फिरलंय माझं, आधीच सांगते. चौदा वर्षं मी अंधेरीच्या बिस्किट कारखान्यात कंत्राटावर भट्टी सांभाळतेय. शनिवारी मालक मला कायम करायच्या कागदावर सही करणार होते. आणि बुधवारी त्या अनिरुद्धने वाट लावली.

आमची भट्टी म्हणजे लांबलचक लोखंडी बोगदा. या तोंडातून कच्चं बिस्किट आत जातं, त्या तोंडातून भाजून बाहेर येतं. आच वाढवली की आधी ते सगळं लोखंड तापणार, मग बिस्किटाला रंग येणार. वीस मिनिटं जातात. हे मला काशीराममामांनी शिकवलं. ते बटण एक घर फिरवायचे आणि डोक्यावरची पांढरी टोपी त्याच्यावर अडकवायचे. टोपी आहे तोवर कुणी हात लावायचा नाही, मामांनी स्वतःसुद्धा नाही. रिटायर होताना टोपी मला देऊन गेले.

दिवाळीनंतर अनिरुद्ध मॅनेजर म्हणून आला. आल्या आल्या त्याने भट्टी मोबाईलवर घेतली. वरच्या केबिनमध्ये बसून आच कमी-जास्त करता येते म्हणे. टोपी बघून हसला होता मेला.

बुधवारी सकाळी माल फिका येत होता. मी एक घर वाढवलं, टोपी अडकवली. वर हा कॅमेऱ्यात बघतोय, माल फिकाच. याने मोबाईलवर एक घर वाढवलं. दोन मिनिटांनी अजून एक. मग अजून एक. वीस मिनिटांनी काळा कोळसा बाहेर यायला लागला, खोकून खोकून जीव गेला आमचा. सहाशे किलो माल गुरांना घालायला गोठ्यात गेला आणि मेमो आला माझ्या नावाने. रुक्मिणी परब यांचा निष्काळजीपणा. मोबाईलवर कुणी काय केलं, त्याची कुठे नोंदच नाही.

शनिवारी मालक माझी फाईल घेऊन भट्टीपाशी आले. सोबत हा, इस्त्रीच्या शर्टात.

"बाई, असं झाल्यावर मी सही कशी करू?" मालक म्हणाले.

"नका करू. वीस मिनिटं उभे राहा फक्त," मी म्हटलं. "मी तुमच्यासमोर एक घर वाढवते. साहेबांचा मोबाईल त्यांच्याच हातात राहू दे."

मी बटण फिरवलं, टोपी अडकवली. तीन मिनिटं अनिरुद्ध मोबाईल हातात फिरवत राहिला. चौथ्या मिनिटाला वाकून माल बघून आला. सहाव्या मिनिटाला त्याचा अंगठा मोबाईलवर गेला.

"काहीच फरक नाहीये सर, थोडंसं देतो," तो म्हणाला आणि दोन घरं वाढवून मोकळा झाला.

मालक त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"मेमो रद्द," ते मला म्हणाले. "तुमचं बरोबर होतं, बाई. कायम करायचं आपण पुढच्या तिमाहीत बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची तिमाही. चौदा वर्षं हेच ऐकतेय मी.

"साहेब, यांनी आत्ता वाढवलेली आच अजून बाहेर दिसत नाहीये," मी म्हटलं. "आत्ता कमी केली तर माल वाचेल. काळा झालेला दिसल्यावर कमी केली, तर पुढची वीस मिनिटं काळाच येणार. किती कमी करायची ते मला माहितीये. पण माझी शिफ्ट दहा मिनिटांपूर्वी संपली. सही करायची तर आत्ता करा, नाहीतर मी निघाले बोरीवलीला."

मालकांनी अनिरुद्धकडे बघितलं. तो भट्टीकडे बघत होता.

मालकांनी फाईल उघडली, खिसे चाचपले. पेन नव्हतं. शेवटी अनिरुद्धनेच आपलं पेन काढून दिलं.

सही पूर्ण होईपर्यंत मी हलले नाही. मग टोपी काढली, बटण तीन घरं मागे घेतलं आणि टोपी परत अडकवली.

"आता कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं.