एकशे अठरा नंबरची जर्सी

मी जर्सी बोलतेय. फुटबॉलची, गडद निळी, पाठीवर एकशे अठरा असा ठळक आकडा असलेली. हसू आलं ना? या, हसा. मैदानावरचे पंचही असेच हसले होते आणि तिथूनच माझं वाटोळं सुरू झालं.

माझा जन्म कारखान्यातला नाही. कडावच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला आदिवासी मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथल्या जेवणघराच्या फरशीवर, आमटीचे डाग पुसून घेतल्यावर, मला पसरलं आणि कापलं. खालापूरकडच्या एका कंपनीने शाळेला फुटबॉल दिले होते. मग कंपनीच्या साहेबांनी टूम काढली, की मुलींनी आपल्या जर्स्या आपणच बनवायच्या. शिकवायला अंतरा गुप्ते आली. कर्जत गावातल्या वकिलांची मुलगी, पुण्यात कपड्यांचं डिझाइन शिकलेली. दर शनिवारी ती स्कूटरवरून यायची. असे दहा शनिवार ती आली.

तिच्यावर माझा राग आहे, पण खोटं बोलणार नाही. शिकवायची मात्र ती जीव ओतून. पहिल्या दिवशी तिने कुणाच्या हातात पेन्सिलसुद्धा दिली नाही. "हात वर करा, वाका, पळा, आणि सांगा कपडा कुठे ओढतो," एवढंच म्हणाली. मुलींनी एकमेकींची मापं सुतळीने घेतली आणि सुतळीला गाठी मारून ठेवल्या. वर्तमानपत्राचे खाके कापले. जनाने आपल्या बाहीचा मुंडा इतका अरुंद कापला, की घातल्यावर तिचे हात खांद्याच्या वर जाईनात, आणि जना तर गोलकीपर! सगळ्या पोट धरधरून हसल्या. तिने दुसरा कापला.

मला बनवलं वनिताने. घाटात ठाकुरवाडी नावाचं रेल्वेचं छोटं ठाणं आहे, त्याच्या वरच्या वाडीतली ही पोर. नववीत होती. बोलणं कमी, हात मात्र कमालीचा स्थिर. "तुमच्या रोजच्या बघण्यातलं काहीतरी काढा," असं अंतराताईने सांगितल्यावर बाकीच्यांनी फुलं काढली, वाघ काढले. वनिताने डाव्या कमरेपासून उजव्या खांद्यापर्यंत दोन रेघा ओढल्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या मारल्या.

"ही शिडी का गं?" ताईने विचारलं.

"शिडी नाय ताई. रूळ हाय. आमच्या घाटातला."

"आणि खाली हा ठोकळा?"

"मागलं इंजिन. कर्जतला लावत्यात ना गाडीला, मागून ढकलायला. त्याबिगर गाडी घाट चढत नाय." मग जरा थांबून म्हणाली, "मी पन मागंच खेळते."

ताईने तो कागद दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवला. वनिता लाजून खांबाआड गेली. मी तेव्हा नुसतं कापड होते, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

घोळ झाला तो नंबराचा. "पाठीवर आपापला नंबर घाला," असं सांगून ताई शिवणयंत्राचा अडकलेला दोरा सोडवायला वळली. आता या शाळेत पहिलीला पाऊल टाकलं, की पोरीला एक नंबर मिळतो. तोच ट्रंकेवर, तोच ताटावर, आणि धुण्यात कपडे मिसळू नयेत म्हणून फ्रॉकच्या कॉलरला लाल दोऱ्याने तोच. हजेरी, औषध, अंथरूण, सगळं त्या नंबरावर. आपापला नंबर म्हटल्यावर त्या पोरींना दुसरा कोणता सुचणार? जनाने चौसष्ट छापला, कुणी एकशे एकतीस. वनिताने माझ्या पाठीवर एकशे अठरा छापला, कडा जराही न फुटू देता.

पुढच्या शनिवारी ताईने ते पाहिलं. तिला वाटलं, गंमत आहे, राहू दे. ती कपडे शिकली होती, सामने फारसे बघितले नव्हते. आणि अधीक्षिका सरोजिनीबाईंना तर रोज तेच आकडे ओरडायची सवय. त्यांना त्यात वावगं काय दिसणार?

शेवटची शिवण मारून वनिताने मला अंगात घातलं. खांद्यावर हात फिरवला, वाकून पाहिलं, हात वर करून पाहिला. शाळेत गणवेश येतो तो तीनच मापांचा. लहान, मध्यम, मोठा. त्यात ती सदा हरवलेली नाहीतर आवळलेली.

"जने," ती म्हणाली, "माझ्या मापाचं हे पयलंच हाय गं. हिला घालून एक म्याच खेळायची. हरलो तरी चालंल."

एवढंच तिचं मागणं होतं. माझंही.

स्पर्धा खोपोलीला होती. पोरी आम्हाला घालूनच टेंपोत चढल्या. वाटेत बायका थांबून बघत होत्या. मैदानावर उतरल्यावर साहेब आले. त्यांनी माझ्यावरची नक्षी निरखली आणि सरोजिनीबाईंना म्हणाले, "हे काय, रेल्वे? ती तुमची नाचणारी माणसं असतात ना पांढरी, ती काढायची होती. हे आदिवासी वाटत नाही." बाई कसनुशा हसल्या. वनिताच्या वाडीत अशी माणसं कुणी कधी काढली नाहीत, हे त्यांना सांगायला कुणाची जीभ उचलली नाही.

मग पंच यादी घेऊन आले. माझी पाठ पाहून त्यांना हसू आवरेना.

"एकशे अठरा? अहो, अकरा जणींची टीम आहे की जनगणना? दोन आकड्यांच्या वर नंबर चालत नाही, आणि टीमच्या जर्स्या एकसारख्या हव्यात. बदला."

अंतराताईचा चेहरा उतरला. "सर, मुलींनी स्वतः केल्यात. आजचा दिवस चालवून घ्या ना."

"नियम आहे, मॅडम."

साहेबांच्या गाडीत तयार जर्स्यांचा गठ्ठा होताच. पांढऱ्या, छातीवर कंपनीचं नाव. अडीअडचणीला असू द्याव्यात म्हणून आणल्या होत्या म्हणे. मी कापड असले तरी इतकी भोळी नाही.

टेंपोच्या आडोशाला पोरींनी कपडे बदलले. एकटी वनिता तशीच उभी राहिली.

"वनिता, हट्ट नको," सरोजिनीबाई म्हणाल्या. "उगाच तमाशा होतोय."

"मी नाय काढनार, बाई."

"मग खेळता येणार नाही."

"नायतर नाय."

ती रेघेबाहेर मातीत बसली. पूर्ण सामनाभर ती मला घालून उन्हात बसून होती. तिच्या पाठीचा घाम माझ्यात मुरत होता. समोर पोरी गोलावर गोल खात होत्या. जना दर गोलनंतर वळून हिच्याकडे बघायची. मागे सांभाळणारी नव्हती ना. तीन गोलांनी हरल्या. अंतराताई वनिताच्या शेजारी येऊन बसली आणि फोनवर सामन्याचे नियम शोधू लागली. हे सुचायला हवं होतं आधी, शनिवारी.

सामना संपला आणि साहेबांना फोटो आठवला. "आता त्या हाताने केलेल्या घाला सगळ्यांनी! त्याच तर दाखवायच्यात!"

काय म्हणावं याला? खेळायला आम्ही चालत नव्हतो, फोटोला मात्र आम्हीच हव्या होतो. पोरी पुन्हा टेंपोआड गेल्या आणि निमूट आम्हाला घालून आल्या. वनितानेही माझी कड धरली आणि मला डोक्यावरून काढलं. आत तिचा जुना फ्रॉक होता. मला घडी घालून तिने साहेबांपुढे धरलं.

"घ्या. हिलाच उभी करा फोटोत."

ती टेंपोत जाऊन बसली. मागे वळून पाहिलं नाही. फोटोत मी आहे, सरोजिनीबाईंनी दोन खांद्यांना धरून लोंबकळत ठेवलेली.

माझी शिवण सगळ्यांत सरळ, म्हणून साहेबांनी मला नेलं. आधी धुवून काढलं. तिचा तेवढा घाम माझ्यापाशी होता, तोही गेला. आता खालापूरला कंपनीच्या स्वागतकक्षात काचेमागे चार टाचण्यांवर मी लटकते आहे. खाली पाटी आहे : "आदिवासी विद्यार्थिनींची कला". नाव कुणाचं नाही. पाहुण्यांनी आकड्याचं विचारलं, की साहेब बेधडक सांगतात, "एकशे अठरा मुलींना आम्ही स्वावलंबी केलं." पाहुणे माना डोलावतात, चहा घेतात. मला काचेत तोंड लपवायला जागा नाही.

परवा अंतराताई आली होती. नवी तुकडी, नवे दहा शनिवार. या वेळी नक्षी साहेबांनीच ठरवली आहे, नाचणारी माणसं. नंबरही एक ते पंधरा छापून येणार. मुलींनी फक्त कापून शिवायचं आणि रंग भरायचे. ताईने कागद पाहिले. क्षणभर वाटलं, आता ही ते टेबलावर आपटते. तिने ते पिशवीत घातले.

जाताना ती माझ्यासमोर थांबली. साहेबांनी सहज विचारलं, "ही कुणी केली होती हो?"

"वनिता," ती म्हणाली. "दहावीला बसलीच नाही. एका फार्महाऊसवर हिरवळीला पाणी मारते. मी भेटले होते तिला. पुन्हा शिवणार का विचारलं, तर म्हणाली, 'शिवून काय करू ताई, घालू कुठं देत्यात?'"

साहेब म्हणाले, "अरेरे," आणि फोन घेतला.

ताई, तू डोळे पुसलेस, मी पाहिलं. पण पुसून तू त्यांच्याच शनिवारांना निघालीस. माझं ऐकू येत असेल तर एवढंच कर. त्या नव्या पोरींच्या हातात कात्री देण्याआधी मैदानावर जा, त्या पंचांना विचार, त्या साहेबांना विचार, की ही जर्सी घालून पोरीला खेळू देणार का. नाही म्हणाले, तर पोरींची मापंच घेऊ नकोस.